हाताने छापलेली चित्रं आणि शाईतलं शिसं : अमेरिकेत विक्री सुरू करणाऱ्यांसाठी

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, आत असतं ते ग्रॅफाइट. उलट मारुतीला ज्याने माखतात तो जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. वर नाव एक आणि आत भलतंच, हा प्रकार रंगांच्या आणि शायांच्या दुनियेत पावलोपावली भेटतो. म्हणून या लेखात मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. डब्यावरचं नाव वाचून थांबू नका. आणि चित्र कोणाच्या हातात जाणार हे ठरवल्याशिवाय डबा उघडू नका.

मी न्यू जर्सीत राहते. गॅरेजमध्ये एक मोठं टेबल आणि एक लहान प्रेस आहे, त्यावर लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून केलेली छपाई) आणि स्क्रीन प्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून केलेली छपाई) छापते. सिंहगड, पावसातली एसटी, ओट्यावरची पितळी भांडी अशी मोठ्यांची चित्रं असतात, आणि मुलांसाठी मराठी मुळाक्षरांचा तक्ता. गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या मेळ्यात स्टॉल लावते. पहिल्याच वर्षी एका आईने तक्ता बघायला उचलला, तिच्या कडेवरच्या बाळाने त्याचा कोपरा तोंडात घातला, आणि तिने मला विचारलं, "ताई, यात लेड नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो, नॉन-टॉक्सिक शाई आहे." माझं उत्तर पुढे खरं निघालं. पण त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हतं, मी नुसतं बोलून गेले होते. घरी आल्यावर ते फार टोचत राहिलं. त्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि करून बघितलं, ते इथे लिहिते आहे. सगळं अमेरिकेतल्या विक्रीबद्दल आहे. भारतातून माल पाठवणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

नव्वद आणि शंभर

घरांच्या रंगातल्या शिशावर अमेरिकेने १९७८ मध्येच बंदी आणली होती. पण मुलांच्या हातातल्या बाकी वस्तूंकडे म्हणावं तसं लक्ष नव्हतं. २००६ मध्ये मिनियापोलिसमधल्या चार वर्षांच्या एका मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं पदक गिळलं. ते जवळजवळ संपूर्ण शिशाचं होतं. मूल दगावलं. पुढच्याच वर्षी, २००७ च्या उन्हाळ्यात, मॅटेल कंपनीला शिशाच्या रंगाची लाखो खेळणी बाजारातून परत बोलवावी लागली. त्यातून १४ ऑगस्ट २००८ रोजी कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी इम्प्रूव्हमेंट ॲक्ट आला. सगळे त्याला सीपीएसआयए म्हणतात. अंमलबजावणी कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन करतं. पुढे मी त्याला नुसतं 'आयोग' म्हणेन.

लक्षात ठेवायचे आकडे दोन. मुलांच्या वस्तूवर वरून दिलेला रंग, लॅकर, वॉर्निश, म्हणजे वाळल्यावर ज्याचा पापुद्रा धरतो असा कुठलाही थर, त्यात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही. ही मर्यादा १४ ऑगस्ट २००९ पासून आहे. आणि वस्तूचा जो जो भाग मुलाच्या हाताला लागू शकतो, मग तो कागद, कापड, लाकूड, धातू काहीही असो, त्यात शिसं १०० पीपीएमच्या वर नको. ही १४ ऑगस्ट २०११ पासून. पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही.

इतकं कडक का, तर शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं, आणि लहान मुलांचं आतडं ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतं. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तरी सीडीसी ही इथली सरकारी आरोग्यसंस्था २०२१ पासून त्याकडे लक्ष द्यायला सांगते, आणि तेवढं असलं तर सुरक्षित असं ती कुठेही म्हणत नाही.

पहिली पायरी : चित्र कोणासाठी?

शाई, कागद, लॅब हे सगळं नंतर. बारा वर्षं किंवा त्याहून लहान मुलांसाठी प्रामुख्याने बनवलेली वस्तू म्हणजे कायद्याच्या भाषेत मुलांची वस्तू. तिलाच वरचे आकडे, लॅब आणि प्रमाणपत्र लागू होतात. माझा सिंहगड दिवाणखान्यात लागतो, त्याला यातलं काही लागू नाही. मुळाक्षरांचा तक्ता उघडच मुलांचा.

अडचण मधल्या चित्रांची होते. आयोग चार गोष्टी बघतो: तुम्ही स्वतः वस्तू कोणासाठी म्हणता आणि ते म्हणणं पटण्यासारखं आहे का, तुम्ही ती कशी मांडता आणि जाहिरात कशी करता, बघणाऱ्या सामान्य माणसाला ती कोणासाठी वाटते, आणि आयोगाच्या तज्ज्ञांनी वयांबद्दल काढलेलं मार्गदर्शन काय म्हणतं. हत्तीचं एक साधं काळं-पांढरं लिनोकट मोठ्यांचंही असू शकतं. पण ऑनलाइन दुकानात त्याच्याखाली तुम्ही 'बाळाच्या खोलीसाठी खास' असं लिहिलंत, की ते तुम्हीच मुलांचं करून टाकलंत. उलट तऱ्हाही चालत नाही. 'अ अननसाचा' छापून खाली बारीक अक्षरात 'मुलांसाठी नाही' लिहिलं, तर ते कोणालाच पटणार नाही आणि आयोगालाही पटत नाही.

आयोगाने २०१० मध्ये एक खुलासा केला होता, तो इथे उपयोगी पडतो. सणाची सजावट किंवा नुसती बघण्यासाठी लावलेली शोभेची वस्तू, जिच्याशी मूल खेळणार-हाताळणार नाही, ती सहसा मुलांची धरत नाहीत. छपाईचा कागद लावून केलेला आकाशकंदील गॅलरीत उंच टांगायचा असतो. तो यात बसतो. पाळण्याच्या डोक्याशी, हाताच्या अंतरावर लावायचं चित्र मात्र मी कधीच 'शोभेचं' म्हणत नाही. शंका आली की मी ते मुलांचं धरते आणि तसंच छापते. शाईचा खर्च थोडा वाढतो, झोप शांत लागते.

दुसरी पायरी : साधा छापील कागद असेल तर

इथे नवख्यांना सुटकेचा श्वास टाकता येईल अशी बातमी आहे, आणि ती फारच कमी जणांना ठाऊक असते.

कायदा आला तेव्हा छोट्या कारागिरांची पाचावर धारण बसली होती. प्रत्येक चित्रासाठी लॅबचा खर्च करायचा म्हणजे दुकान बंदच. मग सवलती आल्या. २००९ मध्ये आयोगाने अशा पदार्थांची यादी काढली, ज्यांत शिसं मर्यादेबाहेर नसतंच, म्हणून त्यांची लॅबमध्ये तपासणी लागत नाही. कागद त्यात आहे. लाकूड आहे. सुती, रेशमी, लोकरीचं कापड, रंगवलेलं असो वा नसो, तेही आहे. आणि निळा-किरमिजी-पिवळा-काळा या चार रंगांच्या नेहमीच्या छपाईची शाई आहे. त्याच वाक्यात अपवादही आहेत: ठरावीक एका छटेसाठी वेगळी घोटलेली शाई, कागदात न मुरणारी शाई, आणि वस्तू तयार झाल्यावर वरून केलेलं स्क्रीन प्रिंट, ट्रान्सफर, डिकॅल हे त्या यादीत येत नाहीत.

मग १२ ऑगस्ट २०११ रोजी कायद्यातच दुरुस्ती झाली आणि 'साधी पुस्तकं आणि साधं छापील कागदी साहित्य' यांना बाहेरच्या लॅबच्या सक्तीतून मोकळं केलं. कागदावर किंवा पुठ्ठ्यावर शाईने किंवा टोनरने छापलेली, नेहमीच्या पद्धतीने पुरी केलेली मासिकं, पोस्टरं, शुभेच्छापत्रं त्यात धरली आहेत. माझा मुळाक्षरांचा तक्ता, कागदावर छपाईच्या शाईने उमटवलेला, या व्याख्येत बसतो. त्याला लॅब लागत नाही.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. मोकळीक मिळाली ती तपासणीतून, मर्यादेतून नाही. तुमच्या तक्त्यात शिसं १०० पीपीएमच्या वर निघालं तर 'मला तपासणी माफ होती' हे उत्तर होत नाही. आणि 'साधं' या शब्दाला अर्थ आहे. पातळ शाईचं पोस्टर साधं. त्यावर फुगणारी शाई, चमकी, ओतलेलं रेझिन, चिकटवलेली बटणं आली की मी त्याला साधा छापील कागद म्हणत नाही. तोच तक्ता पुठ्ठ्यावर डकवून, तुकडे कापून जोडचित्र केलं तर ते खेळणं झालं, आणि खेळण्यांचे नियम वेगळे आहेत. लहान तुकडे घशात अडकण्याचा मुद्दा तर शिशाच्याही आधी येतो.

तिसरी पायरी : डब्यावरचा कोड वाचा

ही पायरी सगळ्यांसाठी आहे, मोठ्यांची चित्रं छापणाऱ्यांसाठीसुद्धा, कारण शाई घोटताना आधी तुमचेच हात आणि तुमचाच श्वास तिच्या जवळ असतो.

चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर किंवा डब्यावर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो: पीवाय म्हणजे पिवळा, पीआर म्हणजे लाल, पीओ नारिंगी, पीडब्ल्यू पांढरा, आणि पुढे आकडा. मी डोळ्यांवर भिंग लावून तो वाचते आणि डब्याच्या झाकणावर मार्करने मोठा लिहून ठेवते. टाळायचे ते हे:

पीडब्ल्यू १, म्हणजे शिशाचा सफेता. इंग्रजी नावं फ्लेक व्हाइट, क्रेम्निट्झ व्हाइट. पीवाय ३४, म्हणजे क्रोम यलो, शिशाचं क्रोमेट. पीवाय ४१, अस्सल नेपल्स यलो. पीआर १०४, मॉलिब्डेट ऑरेंज किंवा क्रोम व्हर्मिलियन. आणि पीआर १०५, म्हणजे रेड लेड, आपला शेंदूर.

लक्षात येईल की धोका मुख्यतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि पांढऱ्यात आहे. काळा कार्बनचा असतो, निळा बहुधा थॅलो. पिवळ्यासाठी पीवाय ३, पीवाय ७४, पीवाय ८३ घ्या. पांढऱ्यासाठी टायटॅनियमचा पीडब्ल्यू ६. त्यांच्या घडणीत शिसं नाही.

नावापुढे 'ह्यू' हा शब्द असेल तर तो रंग अस्सल नसून दुसऱ्या रंगद्रव्यांतून जुळवलेला असतो. इथे नक्कल हीच चांगली. 'नेपल्स यलो ह्यू' मध्ये बहुधा शिसं नसतं, नुसत्या 'नेपल्स यलो' मध्ये असू शकतं. पण इथेही शब्दावर थांबू नका, कोड बघा.

'नॉन-टॉक्सिक' याचा अर्थही नीट घ्या. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चित्रकलेच्या साहित्याला १९८८ च्या एका वेगळ्या कायद्याखाली विषतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. डब्यावर 'एएसटीएम डी-४२३६' असं लिहिलेलं त्यासाठीच. पण त्या ओळीचा अर्थ 'निर्धोक' असा नाही. अर्थ इतकाच, की तपासणी झाली आहे आणि धोका असला तर लेबलवर इशारा छापला आहे. एसीएमआय या संस्थेचा 'एपी' शिक्का असेल तर ते साहित्य बिनविषारी म्हणून तपासलेलं असतं. 'सीएल' असेल तर इशारा वाचलाच पाहिजे. मुलांच्या चित्रांसाठी मी एपी शिक्क्याचीच शाई वापरते. तरी तो शिक्का शाईला मिळालेला असतो, तुमच्या तयार वस्तूला नाही, हे डोक्यात असू द्या.

कोड नसलेला डबा मुलांच्या चित्राला लावायचा नाही. माझ्याकडे एका बंद पडलेल्या छापखान्यातून आलेले शाईचे जुने पत्र्याचे डबे होते. त्यातला पिवळा उघडला तर वरची साय कापल्यावर आत इतका झळझळीत, उन्हाळ्यातल्या बहाव्यासारखा रंग की मोह होतोच. लेबल फाटलेलं, साल माहीत नाही. तसल्या पिवळ्यात शिशाचं क्रोमेट असण्याची शक्यता भरपूर. तो डबा मी काउंटीच्या घातक कचरा गोळा करण्याच्या दिवशी देऊन आले. मोरीत ओतायचा नाही, नेहमीच्या कचऱ्यात टाकायचा नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. हौसेने गेरू, कुंकू, शेंदूर खलून शाई करणारे बरेच भेटतात. रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदूराचे ११८ नमुने तपासले होते. ९५ इथल्या न्यू जर्सीतल्या दुकानांतले, २३ मुंबई आणि दिल्लीचे. इथल्या नमुन्यांपैकी ८३ टक्क्यांत आणि तिकडच्या ७८ टक्क्यांत ग्रॅमला निदान १ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, आणि काहींत त्याच्या कितीतरी पट. म्हणून देव्हाऱ्यातली करंडी चित्राच्या टेबलावर आणू नका. गेरू लोहाचा असतो, पण मातीतून आलेल्या कुठल्याही रंगाची लॅबकडून एकदा खात्री करून घ्यावी असं माझं मत आहे.

चौथी पायरी : पापुद्रा निघतो का?

आता कागद सोडून कापड आणि लाकडाकडे येऊ, कारण खरी तपासणी तिथे सुरू होते.

आयोगाच्या नियमात 'रंग' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे: पातळ लावल्यावर वाळून घट्ट पापुद्रा होतो ते. छपाईची शाई आणि ज्या पदार्थाचा मूळ वस्तूतच मुरून भाग होतो, ते यातून वगळले आहेत. व्यवहारात प्रश्न असा विचारतात: खरवडून तो वेगळा काढता येतो का? माझ्याकडे मुलांच्या सुती झबल्यांवर छापलेले दोन नमुने आहेत. एकावर पाण्याची शाई. तिच्यावर ब्लेडची धार आडवी फिरवली की कापडाचे बारीक तंतू निघतात, रंगासकट. शाई सुतात शिरलेली आहे. दुसऱ्यावर प्लॅस्टिसॉल, म्हणजे प्लॅस्टिकची जाड शाई. ब्लेड घातलं की मोराच्या पिसाऱ्याची अख्खी निळी कड पत्र्यासारखी उचलून येते, खाली कापड पांढरं. पहिला कापडाचा भाग, त्याला १०० पीपीएम. दुसरा वरचा थर, त्याला ९० पीपीएम आणि लॅब. प्लॅस्टिसॉलमध्ये पीव्हीसी आणि ते मऊ करणारी रसायनं असतात, म्हणून लाळेरी, रात्रीचे कपडे अशा बाळांच्या वस्तूंवर थॅलेट्सचा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या काही रसायनांचा, नियमही येतो. नव्याने सुरुवात करताय तर मुलांच्या कपड्यांवर पाण्याचीच शाई वापरा, हा माझा आग्रह आहे.

लाकडी फ्रेमही अशीच. कच्चं, न रंगवलेलं लाकूड असेल तर काही नाही. रंगवलं की थर आला. टांगायचा आकडा, खिळा, साखळी हे धातू. मुलाचा हात तिथे पोचत असेल तर १०० पीपीएम. आणि धातूवर रंग फासला म्हणून आतला धातू 'हाताबाहेरचा' होत नाही, हेही नियमात स्पष्ट आहे.

फ्रेमच्या बाबतीत मी स्वतः धडा घेतला. मुळाक्षरांच्या तक्त्यासाठी एका घाऊक विक्रेत्याकडून पिवळ्या रंगाच्या तयार फ्रेम घेतल्या. कागद मागितला, त्याने लगेच लॅबचा अहवाल पाठवला. निकाल उत्तम. दोन दिवसांनी शांतपणे वाचला तेव्हा दिसलं की तपासलेला नमुना पांढऱ्या रंगाचा होता. पिवळ्याचा अहवाल मागितला तर उत्तरं गोलमोल. शेवटी पिवळा मीच लॅबला पाठवला आणि तो मर्यादेबाहेर निघाला. एकही फ्रेम विकलेली नव्हती म्हणून वाचले. अहवाल हातात आला की आधी चार गोष्टी बघा: रंग तोच आहे का, तारीख कोणती, लॅब कोणती, आणि कुठल्या नियमाखाली तपासलं. निकालाचा आकडा सगळ्यात शेवटी.

पाचवी पायरी : लॅब

मुलांच्या वस्तूची तपासणी आयोगाने मान्य केलेल्या लॅबमध्येच व्हावी लागते. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर आहे, देशानुसार आणि नियमानुसार शोधता येते. भारतातल्या लॅबही तिच्यात आहेत. लॅबला सांगायचं वाक्य: 'रंगातलं शिसं, १६ सीएफआर १३०३' (हा नियमाचा क्रमांक) किंवा 'वस्तूतलं एकूण शिसं'. रंग खरवडून आम्लात विरघळवतात आणि यंत्रावर मोजतात. म्हणून खरवडायला पुरेसा रंग लागतो. बारीक नक्षीवर तेवढा नसतोच, तेव्हा किती ग्रॅम हवा ते आधी विचारा आणि तोच रंग स्वच्छ काचेवर जाडसर फासून, वाळवून द्या.

पैसे रंगामागे जातात, चित्रामागे नाही. इथेच शहाणपणाने वागता येतं. नियम तुम्हाला सुटा घटक तपासायची मुभा देतो: लाल रंगाचा एक डबा एकदा तपासला, की त्याच डब्यातून रंगवलेल्या सगळ्या वस्तूंना तो अहवाल चालतो. पुरवठादाराने मान्य लॅबमधून तपासून घेतलं असेल तर त्याचा अहवालही चालतो, माझ्यासारखं नीट वाचून घेतलं तर. म्हणून मुलांच्या वस्तूंसाठी रंग मोजकेच ठेवा. मी चारांवर आले आहे. हौसेने बारा छटा ठेवल्या तर बारा तपासण्या. पुरवठादार बदलला, रंगाची घडण बदलली, की पुन्हा तपासणी. माल सुरूच असेल तर निदान वर्षातून एकदा.

दुकानात मिळणाऱ्या, घासल्यावर लाल होणाऱ्या घरगुती काड्यांवर अवलंबून राहू नका. आयोगाने २००७ मध्ये त्या स्वतः तपासून बघितल्या होत्या. निम्म्याहून जास्त वेळा शिसं असूनही काडीने 'नाही' म्हटलं.

सहावी पायरी : कागदपत्रं आणि छोट्यांची सवलत

लॅब लागू झाली की चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट, सीपीसी, तुम्ही स्वतः लिहायचं. ते सरकार देत नाही, लॅबही देत नाही. त्यात सात गोष्टी: वस्तू कोणती, कोणत्या नियमांखाली तपासली, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, नोंदी कोणाकडे आहेत, कधी आणि कुठे बनवली, कधी आणि कुठे तपासली, लॅब कोणती. एका पानात होतं. अहवाल आणि हे पान पाच वर्षं जपून ठेवा.

छोट्यांसाठी २०११ च्या दुरुस्तीतली दुसरी सोय म्हणजे स्मॉल बॅच नोंदणी. वर्षाची विक्री दहा लाख डॉलरच्या आत (ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत जाते) आणि एकाच वस्तूचे नग ७,५०० पर्यंत असतील, तर आयोगाच्या पोर्टलवर दर वर्षी नोंदणी करून क्रमांक घ्या. मग नियम दोन गटांत पडतात. 'ब' गटात बाहेरची लॅब लागत नाही, नियम मात्र पाळायचा आणि प्रमाणपत्रही लिहायचं. वस्तूतलं एकूण शिसं या गटात आहे. 'अ' गटातल्या गोष्टींना कोणालाच माफी नाही. वरच्या रंगातलं शिसं तिथे आहे. म्हणजे पाण्याच्या शाईचं झबलं नोंदणीनंतर लॅबविना निघू शकतं, रंगवलेली फ्रेम कधीच नाही. नोंदणी राहून गेली तर सवलतही गेली. मी जानेवारीतच उरकते.

तयार मालात काही चुकीचं सापडलं, तर लपवायचं नाही. आयोगाला चोवीस तासांच्या आत कळवण्याचं बंधन आहे. काही अडलं तर त्यांच्याकडे छोट्या उद्योगांसाठी लोकपाल आहेत. त्यांना लेखी प्रश्न पाठवा, लेखी उत्तर येतं, ते फाइलला लावा. कॅलिफोर्नियात विकताना प्रपोझिशन ६५ चे, म्हणजे घातक रसायनांबद्दलच्या तिथल्या राज्य कायद्याचे, इशारे ऐकू येतील. दहापेक्षा कमी माणसांच्या धंद्याला ते लागू नाहीत, पण मोठी दुकानं तुमचा माल घेताना विचारतात.

पुण्या-कोल्हापुरातून पाठवत असाल तर

तिकडे छापून इथल्या बहिणीला विकायला पाठवलं, तर कायद्याच्या नजरेत ती बहीण आयातदार झाली. सीपीसी तिच्या नावाने, जबाबदारीही तिची. हे तिला आधी सांगा. ८ जुलै २०२६ पासून अशा आयात मालाच्या प्रमाणपत्राची माहिती सीमाशुल्काच्या यंत्रणेत ऑनलाइन भरावी लागते.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांना ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण ती फक्त त्याच रंगांना. औद्योगिक रंग आणि छपाईची शाई त्यात येत नाही, म्हणून 'भारतात ही शाई सर्रास मिळते' हे कारण पुरत नाही. पुरवठादाराकडून रंगद्रव्याचा कोड लेखी घ्या. चित्र खेळण्यावर छापून भारतातच विकणार असाल तर तिथला १ जानेवारी २०२१ पासूनचा खेळण्यांचा गुणवत्ता आदेश आणि आयएसआय चिन्ह बघा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे.

खिळे जुळवणाऱ्यांसाठी

जुन्या छापखान्याचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, घेऊन लेटरप्रेस (ती अक्षरं जुळवून, शाई लावून कागदावर दाबायची छपाई) करणारे तरुण वाढले आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे. ते खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असतात. खिळ्याने छापलेल्या कागदापेक्षा काळजी जुळवणाऱ्याची घ्यायला हवी. खणात साठलेली करडी-पांढरी पूड फुंकून उडवू नका, झाडू मारू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकं टाकून द्या. त्या टेबलावर चहाचा कप नको. हात साबणाने धुऊनच मुलाला घ्या. तो ॲप्रन घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

शेवटची पायरी : पाठीमागचा शिक्का

मुलांच्या प्रत्येक वस्तूवर, लॅब माफ असली तरी, ओळख पटवणारी खूण लागते: कोणी बनवली, कुठे, कधी, कोणत्या बॅचमध्ये. ती वस्तूवरच हवी आणि पुसली जाणारी नको. चिकटवलेलं लेबल बाळ आधी ओढून काढतं, म्हणून मी रबरी शिक्का करून घेतला आहे. तक्त्याच्या मागे उजव्या कोपऱ्यात, काळ्या शाईत, चार ओळी: दुकानाचं नाव, गाव आणि राज्य, महिना-वर्ष, बॅच क्रमांक. बॅच क्रमांकावरून माझ्या वहीचं पान उघडतं, आणि त्या पानावर त्या दिवशी उघडलेल्या प्रत्येक डब्याचा कोड लिहिलेला असतो. स्टॉलवर ती वही आता माझ्या शेजारीच असते. कोणी विचारलं, तर तक्ता उलटा करून क्रमांक बघते, पान काढते आणि त्यांच्याच हातात देते.